सात टक्क्यांची जडणघडण

१९९३ साली अमेरिकेतल्या ‘कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स’ या संस्थेच्या पाहणीत अनेक प्रयोगशाळांनी एकच रक्त तपासले. साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे त्यातले प्रमाण कळवायचे होते. उत्तरे आली ती ४.० टक्क्यांपासून ८.१ टक्क्यांपर्यंत. आजच्या मोजपट्टीवर यातले पहिले टोक निरोगी माणसाचे आणि दुसरे औषधोपचार वाढवायला हवेत अशा मधुमेह्याचे. सगळ्या प्रयोगशाळांची यंत्रे बिघडली होती असे मानायला काही आधार नाही; प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने मोजले होते आणि पद्धती निरनिराळ्या वस्तू मोजत होत्या. आज गावोगावच्या लॅबच्या कागदावर ‘एचबीए१सी’ या नावाने जी ओळ छापून येते आणि जिला आपल्याकडे सर्रास ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात, तिचा इतिहास बहुधा एका शोधाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. इथे म्हणणे थोडे वेगळे आहे. तो पदार्थ रक्तात होताच, पण त्याचा टक्का रक्तात आयता सापडलेला नाही. तो मोजण्याच्या पद्धतींनी घडवला, आणि त्याला वजन आले ते एका दीर्घ वैद्यकीय प्रयोगामुळे व पुढे सगळी यंत्रे त्या प्रयोगाच्या खुंटीला बांधल्यामुळे. रसायनशास्त्राचे काम त्यात मोठे आहे, निकालाचा शब्द मात्र त्याचा नाही.

साखर आणि प्रथिन एकमेकांना चिकटतात हे कळायला मधुमेहाची गरज पडली नव्हती. ह्यूगो शिफ याने १८६४ मध्ये अमाइन आणि अल्डिहाइड यांच्यातला सैल जोड दाखवला. फ्रान्समध्ये लुई कामी मेयार याने १९१२ मध्ये अमिनो आम्ले आणि साखर एकत्र तापवली की मिश्रण तपकिरी होते हे नोंदवले, आणि १९२५ मध्ये इटलीच्या मारियो अमादोरीने तो सैल जोड घट्ट कसा होतो त्याची पहिली पायरी उलगडली. पुढची तीसेक वर्षे या ज्ञानाचे गिऱ्हाईक होते ते अन्नशास्त्र. भुकटी केलेली अंडी आणि दूध साठवणीत काळपट का पडते, त्यांची चव का बिघडते, हा दुसऱ्या महायुद्धातल्या सैन्यांपुढचा खरा प्रश्न होता. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा रंगही याच अभिक्रियेतून येतो; तिथे ती बिघाड नसून कसब आहे. हीच अभिक्रिया सदतीस अंश तापमानाला, चुलीशिवाय, जिवंत माणसाच्या शरीरात मंद गतीने अखंड चालू असेल, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या दृष्टीने अशक्य मुळीच नव्हती. तरी वैद्यकाने ती अर्धे शतक मनावर घेतली नाही. कारण साधे होते. चिकटलेली साखर वेगळी काढून दाखवणारी पद्धत हातात नव्हती, आणि जे वेगळे काढता येत नाही ते मोजायचे कसे?

ती पद्धत आली, पण दुसऱ्याच कामासाठी. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगच्या गटाने सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा विद्युतभार वेगळा असतो हे दाखवल्यापासून हिमोग्लोबिनचे प्रकार शोधण्याची लाट आली होती. पॉलिंगच्याच संस्थेत, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, ॲलन, श्रोडर आणि बालोग यांनी १९५८ मध्ये निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन भारित रेझिनच्या कॉलममधून सोडले. मुख्य हिमोग्लोबिन बाहेर पडण्याआधी काही लहान अंश बाहेर आले. त्यांना बाहेर पडण्याच्या क्रमाने ए१ए, ए१बी, ए१सी अशी नावे दिली गेली. म्हणजे आज ज्या नावापुढे रुग्णाची छाती धडधडते ते नाव रोगावरून आलेले नाही, साखरेवरूनही नाही. नळीच्या टोकाशी कोण आधी पोचले, त्याची ती नोंद आहे. चार वर्षांनी, १९६२ मध्ये, ह्युसमन आणि डोझी यांना काही मधुमेह्यांच्या रक्तात हे लहान अंश वाढलेले दिसले. पण ते रुग्ण टोलब्युटामाइड घेत होते आणि संशय गेला औषधाकडे. उत्तर हातात असून प्रश्न चुकीचा होता. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्या काळात त्या कॉलमला जे प्रश्न विचारले जात होते ते आनुवंशिकतेचे आणि औषधांचे होते. साखरेचा प्रश्न कुणी विचारतच नव्हते.

तो विचारला गेला तेहरानमध्ये, आणि तिथेही थेट नाही. सॅम्युएल रहबर हे मूळचे हमदानचे इराणी ज्यू डॉक्टर. तेहरान विद्यापीठाच्या रुग्णालयात सुमारे बाराशे रुग्णांच्या रक्ताची ते चाळणी करत होते, तीही हिमोग्लोबिनचे आनुवंशिक प्रकार शोधण्यासाठी. अगार जेलवरच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये दोघांच्या रक्तात एक वेगात पळणारी पट्टी दिसली आणि ते दोघेही मधुमेही निघाले. रहबर यांनी मग आणखी सत्तेचाळीस मधुमेही तपासले. पट्टी सगळ्यांत होती. १९६८ मध्ये ‘क्लिनिका किमिका ॲक्टा’मध्ये हा निष्कर्ष तीन पानांत छापून आला. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेलन रॅनी आणि ब्लूमेनफेल्ड यांच्याबरोबर केलेल्या कामात, ही पट्टी म्हणजे तेच जुने ए१सी, हे पक्के झाले. शोध रहबर यांचा, यात वाद नाही. पण त्यांनी नेमके काय दाखवले हे बारकाईने पाहिले पाहिजे. त्यांनी एक फरक दाखवला: मधुमेह्यांत हे अधिक असते, इतरांत कमी. माप त्यांनी दिले नाही, आणि देण्याचा दावाही केला नाही. १९७१ मध्ये ट्रिव्हेली, रॅनी आणि लाय यांनी मधुमेह्यांतले प्रमाण जवळपास दुप्पट असते असा आकडा दिला, तोही त्यांच्या कॉलमचा आकडा होता.

१९६८ ते १९७६ ही आठ वर्षे या इतिहासात सर्वांत समृद्ध. बुकचिन आणि गॅलॉप यांनी दाखवले की हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीच्या सुरुवातीच्या व्हॅलिन या अमिनो आम्लावर साखरेचा रेणू बसलेला असतो. बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी लोह माणसाला देऊन त्याचा तांबड्या पेशींतला प्रवास पाहिला. ए१सी पेशीच्या जन्माच्या वेळी तयार होत नाही; पेशीच्या साधारण १२० दिवसांच्या आयुष्यात ते हळूहळू साठत जाते आणि जवळजवळ परत फिरत नाही, असे त्यातून निघाले. १९७६ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात कोएनिग आणि सेरामी यांनी पाच मधुमेह्यांना रुग्णालयात ठेवून त्यांची साखर काटेकोर आवरली. उपाशीपोटीची सरासरी साखर ३४३ वरून ८४ मिलिग्रॅमवर आली तेव्हा, काही आठवड्यांच्या अंतराने, ए१सीचे सरासरी प्रमाण ९.८ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर उतरले. रुग्ण फक्त पाच होते, पण या तपासणीची मूळ कल्पना त्यांच्यापाशी सिद्ध झाली. तोवर डॉक्टरच्या हाती होती ती बेनेडिक्टच्या द्रावणात निळ्याची वीटकरी होणारी लघवी आणि त्या क्षणाची रक्तशर्करा. तपासणीच्या आदल्या दिवशी जेवण आवरून येणाऱ्या रुग्णाला क्षणाची साखर फसवू देत होती. तांबडी पेशी मात्र मागचा सगळा हिशेब वाहून आणत होती. हा हिशेब सगळ्या दिवसांचा सारखा नसतो. साधारण निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो, त्यामुळे ‘तीन महिन्यांची सरासरी’ हा बोलण्यातला शब्दप्रयोग थोडा सढळ आहे.

इथून पुढे गोंधळाला सुरुवात झाली, आणि तो यशातून आला. चाचणी उपयोगी आहे हे पटताच प्रत्येकाला ती हवी झाली आणि ती करण्याचे मार्ग एकाच वेळी अनेक निघाले. आयन-एक्स्चेंज कॉलम विद्युतभार पाहतो: साखर बसल्यामुळे व्हॅलिनचा धनभार बदलतो म्हणून तो रेणू आधी निसटतो. पण भार तसाच बदलणारे दुसरे काहीही त्याच्याबरोबर निसटते: गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, मूत्रपिंड निकामी झालेल्यांत युरियाशी जोडले गेलेले हिमोग्लोबिन, आणि अजून घट्ट न झालेला तो सैल जोड, जो चार तासांपूर्वीच्या जेवणानेही वाढतो. १९७६ मध्ये फ्लुकिगर आणि विंटरहाल्टर यांनी थायोबार्बिट्युरिक आम्लाची रंगाची पद्धत काढली. ती प्रथिनावरची साखर आम्लात उकळून सुटी करते आणि रंगाने ओळखते, मग ती साखर साखळीच्या टोकावरची असो वा मधल्या लायसिनवरची. १९८१ च्या सुमाराला बोरोनेट ॲफिनिटी आली. बोरोनिक आम्ल साखरेवरच्या शेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांना धरते. भाराशी त्याला देणेघेणे नाही, जागेशीही नाही. नंतर अँटिबॉडीच्या पद्धती आल्या, त्यांना साखर आणि तिच्या शेजारची चार-सहा अमिनो आम्ले एकत्र दिसतात. त्यामागून जपानमध्ये विकसित झालेल्या एन्झाइमच्या पद्धती आल्या. कुणी फक्त ए१सी कळवत होते, कुणी ए१ए-बी-सी मिळून ए१, कुणी साखर चिकटलेले सगळे हिमोग्लोबिन. सगळ्यांच्या मागे ‘टक्के’ हाच शब्द. या चित्रात खरे माप कुठले, असा प्रश्न केला तर प्रत्येक पद्धत आपापल्या परीने खरी होती हेच उत्तर द्यावे लागते, आणि म्हणूनच ते उत्तर रुग्णाच्या उपयोगाचे नव्हते.

कोंडी फुटली ती प्रयोगशाळेच्या बाहेर. १९८३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या ‘डायबिटीस कंट्रोल अँड कॉम्प्लिकेशन्स ट्रायल’मध्ये (डीसीसीटी) पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे १४४१ रुग्ण सरासरी साडेसहा वर्षे पाहिले गेले. एका गटाची साखर काटेकोर आवरली, दुसऱ्याला तेव्हाचे नेहमीचे उपचार दिले. सर्वांचे ए१सी एकाच ठरावीक पद्धतीने, बायो-रेक्स ७० या रेझिनच्या कॉलमवर, मोजले गेले. १९९३ मध्ये निष्कर्ष आले: पहिल्या गटाचे ए१सी सातच्या आसपास, दुसऱ्याचे नऊच्या आसपास, आणि ज्यांच्या डोळ्यांवर सुरुवातीला परिणाम नव्हता त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार ७६ टक्क्यांनी कमी. सातचा आकडा पवित्र झाला तो इथे. पण हे सात बायो-रेक्सचे सात होते. दुसऱ्या यंत्रावरचे सात म्हणजे किती डोळे वाचतील, याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेत ‘एनजीएसपी’ हा कार्यक्रम सुरू झाला. मिझुरी विद्यापीठात रँडी लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते बाहेरून पाहणाऱ्याला नीरस कारकुनी वाटेल: प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक पद्धतीला तेच नमुने द्यायचे, तिचे उत्तर त्या जुन्या कॉलमच्या उत्तराशी जुळवायचे, जुळले नाही तर प्रमाणपत्र नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासात रुग्णाचे सर्वाधिक भले याच कारकुनीने केले.

यावर रसायनशास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त होता आणि तो जोरकसपणे मांडला गेला. बायो-रेक्सच्या शिखरात ए१सीखेरीज इतर पदार्थही मिसळलेले होते. अशुद्ध मापाला जगाचा मानदंड करणे म्हणजे वाकडी फूटपट्टी सरकारी ठरवण्यासारखे. जपान आणि स्वीडन यांनी आपापले राष्ट्रीय मानदंड ठेवलेच होते. जपानचा आकडा अमेरिकेपेक्षा साधारण ०.४ ने कमी येई, स्वीडनचा जवळपास एकाने. आंतरराष्ट्रीय चिकित्सा-रसायन महासंघाने, म्हणजे ‘आयएफसीसी’ने, १९९५ मध्ये कार्यगट नेमून वस्तूचीच नेमकी व्याख्या केली. बीटा साखळीच्या पहिल्या व्हॅलिनवर घट्ट बसलेली साखर, तेवढीच. ग्लू-सी नावाच्या एन्झाइमने साखळीचे पहिले सहा दुवे कापायचे आणि साखरेसह व साखरेविना अशा तुकड्यांचे प्रमाण मास स्पेक्ट्रोमेट्रीने किंवा कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने मोजायचे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीच्या शुद्धतेबद्दल शंका घेता येत नाही. तिच्या मापाने जुने सात टक्के ५.३ टक्के निघाले. तेव्हा शुद्ध आकडा स्वीकारून जुना टाकून द्यायचा का?

दिला नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. ५.३ हा आकडा रेणूबद्दल अधिक खरे सांगतो, पण डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांच्याबद्दल त्याला स्वतःचे असे काही ठाऊक नव्हते. जे ठाऊक होते ते सगळे सातच्या भाषेत लिहिलेले. शिवाय, कालपर्यंत सात असलेला आकडा आज ५.३ दिसला तर रुग्ण निर्धास्त होईल, ही भीती निराधार नव्हती. तोडगा निघाला तो व्यवहारी. शुद्ध पद्धत मापांच्या साखळीच्या वरच्या टोकाला ठेवायची, तिचे आणि एनजीएसपीचे नाते एका समीकरणाने बांधायचे, आणि घोटाळा टळावा म्हणून शुद्ध माप टक्क्यांत न देता एका मोल हिमोग्लोबिनमागे किती मिलिमोल, असे द्यायचे. सात टक्के म्हणजे ५३. ब्रिटन पूर्णपणे तिकडे गेले, भारतात टक्केच राहिले. समीकरण मध्ये असल्यामुळे दोन्ही मापे एकच बोलतात. कुणी म्हणेल, मग हे विज्ञान कसले, हा तर करार झाला. करार आहेच. पण तो मनमानी नाही, कारण त्याच्या एका बाजूला वर्षानुवर्षे पाहिलेले रुग्ण आहेत आणि दुसऱ्या बाजूला कुणालाही पडताळता येईल असा रेणू. यातली एक बाजू काढली तर मनमानी सुरू होते. १९९३ च्या त्या पाहणीच्या वेळी या दोन बाजूंना जोडणारा दुवाच नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो आणि तो आपल्या दाराशी येतो. पद्धती कितीही जुळवल्या तरी त्या सगळ्या तांबड्या पेशीवर विसंबून आहेत, आणि पेशी सगळीकडे सारखी नसते. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या निम्म्या-अधिक हिमोग्लोबिनाचा भार वेगळा नसतो, पण उरलेल्याचा असतो, आणि काही कॉलमना तो गोंधळात पाडतो. बोरोनेटला पाडत नाही. गंमत अशी की सिकलच्या साखळीत नेमका सहावा दुवा, ग्लुटामिक आम्लाचा, बदललेला असतो, आणि ग्लू-सी एन्झाइम नेमके तिथेच कापते. म्हणजे जगातली सर्वांत शुद्ध पद्धत सिकलची साखळी तिच्या ठरल्या जागी कापूच शकत नाही, ती हिशेबाबाहेरच राहते. आणि ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे त्याच्या पेशी १२० दिवस जगतच नाहीत. तिथे कुठलीही पद्धत साखर कमी दाखवणार. उलट टोक लोहाच्या कमतरतेचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने तरुण मुलामुलींची ग्लुकोज पाजून केलेली चाचणी आणि ए१सी अशा दोन्ही तपासण्या केल्या. २०१२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार ए१सीने मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण ग्लुकोज चाचणीपेक्षा कितीतरी जास्त दाखवले, आणि त्याचा काही भाग रक्तातल्या घटकांनी व लोहाच्या कमतरतेने समजावता येत होता. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१० मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेहाचे निदान मान्य केल्यानंतर लगेचची ही गोष्ट. ज्या रुग्णांवर करार उभा राहिला त्यांत अशक्त, लोह कमी असलेली तरुण मंडळी नव्हती. हा माझ्या म्हणण्याला विरोध करणारा पुरावा नाही. आकड्याचा अर्थ तो ज्या माणसांवर घडला त्यांच्याकडून येतो, याची ती सर्वांत ठळक खूण आहे.

मग तांबड्या पेशीला वगळून दुसऱ्याच प्रथिनाकडे का जाऊ नये? वाट जुनी आहे. १९८३ मध्ये न्यूझीलंडच्या जॉन्सन, मेटकाफ आणि बेकर यांनी फ्रुक्टोसॅमिनची सोपी, स्वस्त चाचणी काढली: सीरममधल्या प्रथिनांवरची घट्ट झालेली साखर अल्कलीत नायट्रोब्लू टेट्राझोलियमचा रंग बदलते. पुढे जपानमध्ये फक्त अल्ब्युमिनवरची साखर मोजणारी एन्झाइमची पद्धत रुजली. अल्ब्युमिनचा हिशेब दोन-तीन आठवड्यांचा, त्यामुळे ज्या गरोदर बाईची साखर झपाट्याने बदलते आहे किंवा जो रुग्ण डायलिसिसवर आहे आणि ज्याच्या तांबड्या पेशी अकाली मरतात, त्यांना ती उपयोगी. रसायन म्हणून तिच्यात उणे काढण्यासारखे फार नाही. सिकलचा अडथळा तिला नाही, लोहाचाही नाही. तरी तीन दशके ती दुय्यमच राहिली, कारण तिच्या आकड्याला जोडलेला एकही डोळा, एकही मूत्रपिंड नव्हते. तिच्या बाजूने पुरावा उभा करायचा ठरला तेव्हा नव्याने दहा वर्षांचा प्रयोग मांडणे कुणाला परवडण्यासारखे नव्हते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यासाठी डीसीसीटीच्याच साठवून ठेवलेल्या नमुन्यांतले अल्ब्युमिन तपासले गेले, आणि दृष्टिपटल व मूत्रपिंडाच्या विकारांशी असलेले त्याचे नाते जुन्या ए१सीच्या नात्याशी ताडून पाहिले गेले. ते बरेचसे जुळले.